चिंचेपासून सात मीटरवर : काळ्या रानातल्या एका घराचा पाया

पलूस तालुक्यातल्या एका वस्तीवरचं हे घर. जमीन काळी आणि भारी. पश्चिमेला बांधाला लागून बारमाही ऊस, पूर्वेला जुनी चिंच, आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत बांधकाम. घरमालकांना घरात सगळे आबा म्हणतात, इथंही तेच नाव ठेवतो. त्यांची मागणी साधी होती : तीन खोल्या, स्वयंपाकघर, देवघर, पुढं सोपा, आणि पुढंमागं धाकट्यासाठी वरचा मजला चढवता यावा. चिंचेचा विषय त्यांनी पहिल्याच बोलण्यात मिटवून टाकला. "आमच्या आज्यानं लावलीया ती. घर सरकवा, चिंच न्हाई."

घर तरी किती सरकवणार? उत्तरेला विहीर, दक्षिणेला रस्ता, पश्चिमेला उसाचा पाट. सगळं मोजूनमापून घराची जवळची भिंत बुंध्यापासून सात मीटरवर आली. झाड साधारण १८ मीटर उंच, आणि छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर अडीच मीटर. फांद्यांचा घेरा घराच्या पूर्वेकडच्या दोन खोल्यांवर येत होता. सांगली जिल्ह्यात असं घर बांधायला निघालेली कितीतरी कुटुंबं असतील, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

जुनं घर वाचताना

नव्या जागेच्या शेजारीच जुनं घर उभं होतं. दगडी जोतं, वर वीटकाम, पाया कंबरभर खोल. मातीचा अहवाल हातात येण्याआधी मी या घराच्या भिंती पाहिल्या, आणि पुढचं बरंचसं तिथंच कळलं.

चिंचेकडच्या कोपऱ्यातल्या खिडकीपासून एक तिरकी भेग वर गेली होती, विटांच्या सांध्यासांध्यांतून पायऱ्या चढत. वर रुंद, खाली बारीक. भेग अशी वर फाकते तेव्हा कोपरा खाली बसत बसत बाहेर कलत असतो. आबांच्या घरातल्या काकूंना मी विचारलं, ही वर्षभर एवढीच असते का? त्या म्हणाल्या, "छे ओ. उन्हाळ्यात बोट जातंय त्यात. गणपतीपतूर बुजत येतंय. आणि देवघराचं दार श्रावणात लागतच न्हाई, दिवाळी झाली की आपसूक लागतंय." घर वर्षातून एकदा खाली जात होतं आणि एकदा वर येत होतं, हे यापेक्षा स्वच्छ कुणी सांगू शकलं नसतं.

भेगेच्या तोंडाशी आणखी एक गोष्ट होती. कुणीतरी ऐन उन्हाळ्यात, भेग पूर्ण उघडी असताना, तिच्यात सिमेंटचा माल ठोकून भरला होता. पावसाळ्यात कोपरा परत वर येऊ लागला, पण भेगेला मिटायला जागा उरली नव्हती. सिमेंटच्या पाचरीच्या दोन्ही अंगाच्या विटांचे कोपरे चुरडले होते आणि वरचा गिलावा पापड्यांसारखा सुटला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पाचरीच्या शेजारी नवी फट पडली. काळ्या मातीतल्या घराची भेग मे महिन्यात कडक मालानं बुजवली की घर दर वर्षी थोडं थोडं फाकत जातं. ती भरायचीच असेल तर लवचीक सीलंटनं, आणि आधी कारण शोधून.

कारण मातीत होतं. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर. या खनिजाच्या अतिशय पातळ थरांमध्ये पाणी शिरलं की थर दूर सरतात आणि माती फुगते. पाणी गेलं की आकसते, म्हणूनच आपल्या रानाला मे महिन्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. सगळं घर एकसारखं वर गेलं आणि एकसारखं खाली आलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. या जागेवर मात्र एका अंगाला पाटाच्या पाण्यानं माती वर्षभर ओली, आणि दुसऱ्या अंगाला चिंच खोलवरून पाणी ओढून माती कोरडी करणारी. घर अर्धं ओल्यात, अर्धं कोरड्यात. भिंतीला तडा जातो तो या फरकानं.

दोन खड्डे

मेमध्ये दोन चाचणी खड्डे घेतले. उसाकडचा जेसीबीनं, चिंचेकडचा माणसं लावून हातानं. दोन्हीकडे काळी माती २.७ मीटरपर्यंत, मग पिवळसर घट्ट थर, ३.६ मीटरवर मऊ मुरूम आणि ४.२ च्या पुढं कडक मुरूम. थर तेच, पण खड्ड्यात उतरल्यावर दोन निराळी रानं वाटावीत इतका फरक. उसाकडे दोन मीटरवरची माती फावड्याला चिकटत होती, हातात घेऊन गोळी वळत होती. चिंचेकडे त्याच खोलीवरची माती पहारीखाली खडे उडवत फुटत होती, आणि फुटलेल्या ढेकळांच्या गुळगुळीत अंगावर केसासारखी बारीक मुळं चिकटलेली होती. ही मुळं २.३ मीटरपर्यंत दिसली. झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभरात पसरतात हे खरं, पण आठ महिन्यांच्या कोरड्या काळात पाण्याच्या शोधात काही मुळं खाली उतरतात, आणि पायाला धोका करायला तेवढी पुरतात.

नमुने सांगलीत प्रयोगशाळेला दिले. मातीच्या फुगण्याची एक चाचणी इतकी साधी आहे की घरमालकानं ती स्वतः बघावी असं मला वाटतं, म्हणून आबांना सोबत नेलं. चाळलेली, वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन काचेच्या नळ्यांत घालतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या नळीत माती १० मिलिलिटरच्या रेघेवर, पाण्याच्या नळीत १९ वर. म्हणजे ९० टक्के फुगवटा. हा आकडा ५० च्या वर गेला की पायाच्या कामात नेहमीची पद्धत बाजूला ठेवायची. आबा दोन्ही नळ्या बराच वेळ बघत उभे राहिले. त्यानंतर पायाच्या खर्चाबद्दल त्यांनी कधी घासाघीस केली नाही.

कॅनडातून आलेला आराखडा

आबांची मुलगी ओंटारिओत असते. तिच्या नवऱ्यानं तिथं घर बांधलं, तेव्हा पाया उष्णतारोधक होता : स्लॅबखाली आणि कडेनं फोमचे जाड बोर्ड. तिनं तो आराखडा पाठवला आणि व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, "सर, असा उथळ पाया केला तर खोल चर खणावे लागणार नाहीत, चिंचेची मुळंही तुटणार नाहीत. चालणार नाही का?"

प्रश्न अगदी योग्य होता, त्यामुळे उत्तरही नीट द्यायला हवं होतं. तिकडं हिवाळ्यात जमीन वरून गोठत खाली जाते. दक्षिण ओंटारिओत पाया साधारण १.२ मीटर खाली नेतात, कारण त्याच्या वर मातीतलं पाणी गोठून बर्फाच्या चकत्या तयार होतात आणि पाया उचलला जातो. नॉर्वे-स्वीडनमध्ये यावर तोड काढली गेली. गरम ठेवलेल्या घरातून थोडी उष्णता जमिनीत झिरपतच असते. पायाच्या कडेला उभे आणि बाहेरच्या बाजूला आडवे फोमचे बोर्ड पुरले की ही उष्णता निसटत नाही, कडेखालची जमीन गोठत नाही, आणि पाया उथळ ठेवला तरी चालतो. घराची उष्णताही वाचते. त्या हवेत हे काम शंभर टक्के बरोबर आहे.

आपल्याकडे जमीन गोठत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात कडाक्याच्या थंडीत दव गोठतं, तेसुद्धा गवताच्या पात्यावर. सांगलीत जमिनीखाली काही मीटरवर वर्षभर २५-२६ अंशांच्या आसपास तापमान असतं. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश असताना शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून दुपारी झोपण्यात जे सुख आहे, ते या जमिनीचंच देणं. फरशीखाली फोम घातला की तो गारवा तुटतो.

पण मुख्य अडचण वेगळी. आपल्या जमिनीत पाया उचलणारी शक्ती ओलाव्याची आहे, आणि फोम तिला अडवू शकत नाही. पायाखाली वापरतात तो एक्सपीएस नावाचा फोमचा बोर्ड मुद्दाम टणक बनवलेला असतो, दर चौरस मीटरला वीस-तीस टन दाब सोसणारा. आपल्याकडच्या काळ्या मातीचा फुगण्याचा दाब दर चौरस मीटरला पाच टनांपासून वीस टनांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त निघतो. आणि त्यावर बसलेल्या सव्वाशे मिलिमीटरच्या स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आतच. माती फुगली की बोर्ड चेपणार नाही, बोर्डासकट फरशी वर जाईल. बाजारात पॅकिंगला मिळणारं हलकं थर्मोकोल चेपतं खरं, पण तेही फुकट चेपत नाही, चेपताना तेवढा दाब वर देतंच.

वाळवीचं काय? जुन्या झाडाच्या मुळांशी ती असतेच. पुरलेल्या फोममधून ती बोगदे करते आणि बाहेरून काही दिसत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या वाळवीच्या पट्ट्यात तर जमिनीखाली असा फोम घालण्यावर बांधकाम नियमांनीच बंधनं आणली आहेत.

मग सगळ्या घराखाली एक जाड, ताठ राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा एकसंध तळ टाकायचा का? ऑस्ट्रेलियात फुगणाऱ्या मातीवर अशी हजारो घरं आहेत. तिथल्या एएस २८७० या मानकात माती किती हलेल यावरून जागेची वर्गवारी करून राफ्टचे बीम ठरवतात, आणि झाड जवळ असेल तर जास्तीची हालचाल धरतात. हा पर्याय मी गंभीरपणे तपासला. राफ्ट तुटणार नाही इतका ताठ करता आला असता, पण एका टोकाला ऊस आणि दुसऱ्याला चिंच असताना तो अखंड राहूनही कलला असता. शिवाय राफ्टखाली जमीन धुमसून घट्ट करावी लागते. ते करताना चिंचेच्या मुळांचा अर्धा पसारा हवेपाण्याविना गुदमरला असता. मुलीला जे वाचवायचं होतं, तेच गेलं असतं.

तिच्या आराखड्यातली एक गोष्ट मात्र पूर्ण खरी होती आणि ती मी शेवटपर्यंत सोडली नाही : झाडाजवळ सलग चर खणायचा नाही.

तोडून टाकलं तर?

ठेकेदाराचं म्हणणं सरळ होतं, झाड पाडा, प्रश्न मिटला. हा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की त्यावर थोडं थांबायला हवं.

आधी कायदा. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो आणि त्याच्या अनुसूचीत चिंच आहे. स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आणि वृक्ष प्राधिकरण येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं.

कायदा बाजूला ठेवला तरी माती ऐकत नाही. चिंचेनं पन्नास-साठ वर्षं जी माती खोलवर सुकवून ठेवली आहे, ती झाड गेल्यावर ओली होऊ लागते आणि फुगते. हे एका पावसाळ्यात संपत नाही. घट्ट चिकणमातीत पाणी इतकं हळू मुरतं की ही फुगण्याची क्रिया वर्षानुवर्षं चालू राहते. १९७६ च्या दुष्काळात ब्रिटनमध्ये चिकणमातीवरच्या असंख्य घरांना तडे गेले आणि तिथं झाडाजवळच्या पायाचे नियम कडक झाले. त्या नियमांत झाड वाढल्यानं खचणं आणि झाड काढल्यानं उचललं जाणं, दोन्ही धोक्यांना सारखंच वजन आहे. झाड तोडून लगेच त्या जागेवर घर बांधणारा माणूस बसण्याचा धोका देऊन उचलण्याचा धोका विकत घेतो. जुन्या घराच्या बाजूनं झाड पाडलं असतं तर बसलेला कोपरा उचलायला लागला असता, आणि भेगा उलट्या दिशेनं सुरू झाल्या असत्या.

ब्रिटिश पद्धतीत झाडाच्या पाणी ओढण्याच्या ताकदीवरून अंतर ठरवतात : जास्त ओढणाऱ्याला पूर्ण वाढीच्या उंचीच्या सव्वापट, मध्यम असेल तर पाऊणपट, कमी असेल तर अर्धी. चिंच त्यांच्या यादीत असण्याचं कारण नाही. पण १८ मीटर उंचीला तिन्ही आकडे काढले : २२.५, १३.५ आणि ९ मीटर. आपलं घर सात मीटरवर. चिंचेला कोणत्याही वर्गात घाला, घर तिच्या कक्षेतच येतं. तेव्हा वर्गवारीवर वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता.

ठरलेला पाया

शेवटी अंडर-रीम्ड पाइल ठरले. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं खास आपल्या काळ्या मातीसाठी विकसित केलेली ही पद्धत. आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात तिचे नियम आहेत. जमिनीत सरळ भोक पाडायचं, तळाशी हत्यारानं ते कोरून कांद्यासारखं फुगीर करायचं, सळ्यांचा पिंजरा सोडायचा, काँक्रीट भरायचं. आपल्या पाइलची दांडी ३०० मिलिमीटर, फुगा तिच्या अडीचपट म्हणजे ७५० मिलिमीटर, आणि तो मऊ मुरमात, ओलावा ऋतूगणिक बदलतो त्या थराच्या पुरता खाली. घराचं वजन मुरमावर उतरतं, आणि वरची काळी माती खुशाल फुगू-आकसू दे.

खुशाल म्हटलं तरी एक हिशोब चुकवता येत नाही. फुगणारी माती पाइलच्या अंगाला धरून त्याला वर ओढते. चिंचेच्या बाजूला हलणारा थर मी ३ मीटर धरला. ३०० मिलिमीटर दांडीचा परीघ ०.९४ मीटर, म्हणजे मातीला लागलेलं अंग सुमारे २.८ चौरस मीटर. दर चौरस मीटरला तीन टन पकड धरली तर ओढ साडेआठ टन. आता घराच्या आतल्या कॉलमवर एकमजली भार १२ ते १६ टन, तिथं ही ओढ वजनाखाली दबते. सोप्याच्या कॉलमवर मात्र भार चार-पाच टनच. आपल्याकडे गावोगावी घर ठीक आणि सोपा-पोर्च उचललेला किंवा फाटलेला दिसतो, त्याचं कारण हे. हलका कॉलम म्हणून ठेकेदार तिथं पाया उथळ घेतो, आणि खरं तर तोच कॉलम मातीच्या तावडीत सगळ्यात आधी सापडतो.

म्हणून सोप्याच्या पाइललाही फुगा तोच, खोली तीच. पिंजऱ्यात १२ मिलिमीटरच्या सहा सळया, वरपासून तळापर्यंत अखंड. अर्ध्यावर सळया तोडून वाचवलेले पैसे पाइलला मधोमध तुटण्याची सोय करून देतात. चिंचेकडच्या चार पाइलना वरच्या दोन मीटरला गुळगुळीत पीव्हीसी पाइप कायमचा ठेवला, म्हणजे मातीची पकड सुटावी. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथल्या म्हाताऱ्यांना आठवतो. म्हणून पाइलची डोकी दोन्ही दिशांनी प्लिंथ बीमनं, म्हणजे जोत्यातल्या आडव्या काँक्रीटच्या तुळयांनी बांधली.

बीमखाली मोकळी जागा ठेवणं हा या पायाचा दुसरा प्राण. मानकात काळ्या मातीवर किमान ८० मिलिमीटर सांगितली आहे. आम्ही सगळीकडे १००, चिंचेकडे १५० ठेवली, कारण मेमध्ये तिथली माती वर्षातली सगळ्यात आकसलेली होती आणि तिला वर यायला सगळ्यात जास्त वाव लागणार होता. परदेशात यासाठी पुठ्ठ्याचे चेपणारे साचे मिळतात. इथं मिस्त्रीनं बीमच्या तळाला वाळू भरली, दोन्ही बाजूंनी विटा लावून ती धरली, वर प्लास्टिक अंथरून काँक्रीट केलं, आणि बीम पक्का झाल्यावर विटा काढून वाळू पाण्याच्या फवाऱ्यानं व गजानं उकरून काढली. कुठंही वाळू राहिली तर तिथं बीम जमिनीला टेकलेलाच राहतो, म्हणून मी प्रत्येक गाळ्याखालून दोरी आरपार ओढून घेतली. दोरी अडकली तिथं पुन्हा गज. बाहेरच्या अंगानं शहाबादीच्या पट्ट्या उभ्या लावल्या, वरून बीमला न चिकटवता, म्हणजे माती आणि उंदीर आत येत नाहीत.

पूर्वेकडच्या दोन खोल्या आणि देवघर यांची फरशी जमिनीवर न टेकवता बीमवर स्लॅब टाकून अधांतरी ठेवली. खालच्या पोकळीला जाळीचे झरोके. काकूंना सापाची भीती होती आणि ती रास्त होती, त्यामुळे जाळी बारीक भोकाची आणि पक्की बसवलेली. स्वयंपाकघराकडे खर्च वाचवायला दुसरा मार्ग घेतला : काळी माती मीटरभर काढून तिथं न फुगणारा चिकट मुरूम थराथरानं ओलवून धुमसला. आयआयटी मुंबईचे डॉ. आर. के. कट्टी यांनी मांडलेली ही पद्धत. तिथली फरशी भिंतीपासून फट ठेवून सुटी केली.

आणि फोम? तो वाया गेला नाही. जमिनीखाली घालायचे होते ते पैसे आम्ही छतावर वळवले. स्लॅबवर ५० मिलिमीटर एक्सपीएस, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा. सांगलीच्या घरात ऊन वरून येतं, त्याला तिथंच अडवायला हवं. मुलीला हा बदल पटला.

मुळांच्या मधून

झाड जपण्याच्या ब्रिटिश पद्धतीत बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ राखीव धरतात. अडीच मीटर घेर म्हणजे व्यास ०.८ मीटर, त्रिज्या ९.६ मीटर. घर सात मीटरवर असल्यानं अडीच मीटरचा पट्टा या वर्तुळात शिरत होता. त्या पट्ट्यात जेसीबी, वाळूचा ढीग आणि सिमेंट कालवण्याची जागा यांना मनाई. पाइलचं भोक हाताच्या ऑगरनं (माती कोरायच्या गिरमिटानं), आणि वरचा मीटरभर भाग आधी खुरप्यानं मोकळा करून.

ईशान्य कोपऱ्याच्या पाइलवर मनगटाएवढं मूळ लागलं. मजुरानं कुऱ्हाड मागवली होती. मूळ तसंच ठेवून पाइल ४० सेंटिमीटर सरकवला आणि बीमचं टोक तेवढं पुढं काढलं. पाइलच्या पायात ही मुभा असते, म्हणून झाडाजवळ मला तो सगळ्यात योग्य वाटतो. सलग चर एका बाजूची सगळी मुळं कापतो, आणि एका अंगानं सुटलेलं एवढं मोठं झाड वळवाच्या वाऱ्यात घरावर येऊ शकतं.

काम पावसाच्या आधी उरकलं. कोरड्या मातीत भोक ढासळत नाही. तळाचा फुगा नीट कोरला गेला का हे बघायला टोकाला आडवा वाकवलेला गज आत सोडून चौफेर फिरवून घेतला. एका भोकात तो एका अंगाला अडला, तिथं पुन्हा कोरायला लावलं. भोक पाडलं त्याच दिवशी काँक्रीट, रात्रभर उघडं ठेवायचं नाही.

पाण्याची वाट हा भाग आराखड्यात एका ओळीचा असतो आणि जागेवर सगळ्यात दुर्लक्षित. न्हाणीघर आणि संडास चिंचेपासून लांब, पश्चिमेला घेतले, पण पाटाजवळ नाहीत. शोषखड्डा घरापासून लांब, उताराच्या बाजूला. तीन बाजूंना दीड मीटर रुंद फरसबंदी, बाहेर उतार देऊन. चिंचेच्या बाजूला फरसबंदी मुद्दाम टाळली, तिथं सुट्टी खडी पसरली, म्हणजे झाडाला पाऊस आणि हवा मिळत राहील. उसाचा पाट घराच्या बाजूनं पाइपात घातला. आबांना ठिबक करायचंच होतं, पश्चिमेच्या चार सऱ्यांना ते आधी झालं.

दोन पावसाळ्यांनंतर

जोत्यात पितळी खिळे बसवून ठेवले होते आणि मोजायला आधार म्हणून एक सळई पाइपातून थेट कडक मुरमापर्यंत उतरवली होती. जमिनीवरचा कुठलाही दगड आधाराला घेऊन उपयोग नसतो, तोच हलत असतो. मे आणि सप्टेंबरमध्ये लेव्हल घेतली. घराच्या खिळ्यांमधला फरक दोन मिलिमीटरच्या आत, म्हणजे उपकरणाच्या अचूकतेच्या मर्यादेत. चिंचेजवळ मातीत ठोकलेली खूण मात्र मे ते सप्टेंबर ३१ मिलिमीटर वर आली. बीमखालची पोकळी तेवढीच कमी झाली आणि टेकण्याआधी बरीच शिल्लक राहिली. देवघराचं दार श्रावणात लागतं.

खर्च? नेहमीच्या फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या उथळ पायाच्या तुलनेत पाया सुमारे दीडपट महाग पडला, त्यातला मोठा वाटा अधांतरी फरशीचा. त्या खोल्यांत मुरमाची भर लागली नाही, तेवढी बचत त्यातून वजा.

दक्षिणेकडच्या फरसबंदीचा एक तुकडा १८ मिलिमीटर उचलला आहे. तो उचलणार हे धरलेलंच होतं, म्हणून घर आणि फरसबंदी यांच्यात सांधा मोकळा ठेवून सीलंट भरलं आहे. ते दर दोन-तीन वर्षांनी काढून पुन्हा भरायचं. दर मार्चमध्ये शहाबादीच्या पट्ट्या हलवून बीमखाली माती साठली नाही ना हे बघायचं, आणि सोप्यापुढं गाडीसाठी शेड उभारायची झाली तर तिचे खांब घराच्या बीमला जोडायचे नाहीत. या तीन गोष्टी आबांच्या घराच्या फाइलीत पहिल्या पानावर लिहून दिल्या आहेत, वरचा मजला चढवताना धाकट्याच्या हाती तीच फाइल लागेल.